त्सो करच्या मैदानात रेंज नसताना टॅबलेट आणि जीपीएसवर वाट कशी शोधावी

महाराष्ट्रातले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, आणि पोस्टपेड असले तरी त्सो कर हे तळे आणि पुगा, कोरझोक या पट्ट्यात रेंजच्या भरवशावर राहता येत नाही. तरीही टॅबलेटच्या नकाशावर आपले ठिकाण दाखवणारा निळा ठिपका तिथे व्यवस्थित चालतो, कारण जीपीएसचा संकेत थेट उपग्रहांकडून येतो. त्याला सिम लागत नाही आणि इंटरनेटही लागत नाही. अडते ते नकाशापाशी. तो आधी उतरवून घेतला नसेल, तर ठिपक्याखाली नुसता कोरा पडदा दिसतो. म्हणून निघण्यापूर्वीचा एक पूर्ण दिवस मी या तयारीसाठी राखून ठेवतो.

टॅबलेटमध्ये जीपीएस आहे का, हे आधी पाहावे. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिप नसते. सिमची सोय असलेल्या आयपॅडमध्ये ती असते आणि सिम न घालताही चालते. अँड्रॉइड टॅबलेटच्या बाबतीत मॉडेलची माहिती वाचूनच खात्री करावी. मग ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड घेऊन संपूर्ण लडाखचा नकाशा उतरवावा. दोन्ही अ‍ॅप ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर आधारलेली असल्यामुळे त्यांत कच्च्या वाटाही बऱ्याच सापडतात. उतरवून झाले की फ्लाइट मोड चालू करावा, वाय-फाय बंद करावे, कोरझोक शोधून गावातल्या वाटा दिसेपर्यंत नकाशा मोठा करावा आणि मग तसाच टॅबलेट घेऊन आपल्या गल्लीत एक फेरी मारावी. ठिपका सोबत सरकला, तरच तयारी झाली असे समजावे.

मुक्कामांचे अक्षांश-रेखांश भरताना घाई अजिबात करू नये. लडाखमधल्याच हानलेच्या वेधशाळेचे अक्षांश ३२ अंश ४६ मिनिटे ४६ सेकंद आहेत, म्हणजे, एका अंशात साठ मिनिटे धरून, दशांशात सुमारे ३२.७८. अंश आणि मिनिटे सरळ जोडून कोणी ३२.४६ असे टाकले, तर खूण जवळजवळ ३५ किलोमीटर दक्षिणेला पडते, आणि सरहद्दीलगतच्या मुलखात ही चूक फार महागात पडू शकते.

टॅबलेटच्या जोडीला हातात मावणारा जीपीएस असावा, असे माझे ठाम मत आहे. त्याचा पडदा लहान असला तरी कडक उन्हात वाचता येतो, आणि पेन्सिल सेलवर चालणारा घेतला तर सेल बदलून तो लगेच पुन्हा वापरता येतो. मार्गाची जीपीएक्स फाइल, म्हणजे आखलेला मार्ग नकाशावर रेषेच्या रूपात दाखवणारी फाइल, दोन्हींत घालावी. डॅशबोर्डवर उन्हात ठेवलेला टॅबलेट तापून बंद पडतो, म्हणून त्याचा स्टँड सावलीत बसवावा. रात्री मात्र थंडीने बॅटरी झपाट्याने उतरते, तेव्हा तो स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपावे. एक सावधगिरी कायद्याची: सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाही. परदेशातून येणाऱ्या आप्तांनाही हे आधीच कळवावे.

सकाळी गाडी हलवण्यापूर्वी दोन्ही उपकरणे मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटे स्थिर ठेवावीत. इंटरनेटची मदत नसल्याने पहिल्यांदा ठिकाण पकडायला त्यांना वेळ लागतो. त्यानंतर मार्गाची नोंद, म्हणजे ट्रॅक रेकॉर्डिंग, सुरू करावे.

त्सो करच्या काठच्या सपाटीवर चाकांच्या अनेक खुणा शेजारी-शेजारी धावतात आणि हळूहळू फाकत जातात. सुरुवातीला त्यांतले अंतर चार-पाच हात असते, त्यामुळे जीपीएसलाही आपण नेमके कोणत्या खुणेवर आहोत हे सांगता येत नाही. उघड्या आकाशाखालीसुद्धा काही मीटरची चूक गृहीत धरावी लागते. अशा वेळी सर्वांत जास्त रुळलेली खूण धरावी, दर काही मिनिटांनी ठिपका मार्गरेषेपासून दूर जातो आहे का ते पाहावे आणि तळ्याच्या बाजूला वळणारी खूण सोडून द्यावी. तिथला मऊ चिखल वरून कोरडा दिसतो आणि चाक गिळतो. शिवाय काळ्या मानेचे क्रौंच त्याच पाणथळीत घरटी करतात, म्हणून नवी वाट पाडणे कटाक्षाने टाळावे. नाल्यांना दुपारनंतर बर्फाचे पाणी चढते आणि नकाशाला ते कळत नाही, म्हणून ओढे सकाळीच ओलांडावेत.

ठिपका रेषेपासून दूर गेलेला दिसला, तर आडवे कापून रेषेकडे जाऊ नये. थांबावे, नोंदवलेला ट्रॅक उघडावा आणि आपल्याच चाकांच्या खुणेवरून शेवटच्या फाट्यापर्यंत मागे यावे.