गळाला मुशी लागल्यास काय करावे : कोकणात मासेमारीला जाणाऱ्या पुणेकरांसाठी

शनिवार-रविवारी पुण्याहून हर्णै किंवा मालवणकडे गळ घेऊन जाणारे भरती-ओहोटीच्या वेळा चोख पाहतात, कायदा मात्र क्वचितच पाहतात. मुशी, म्हणजेच शार्क (मालवणची मोरी), सरसकट संरक्षित नाही. ती बाजारात उघडपणे विकली जाते. परंतु व्हेल शार्क, गंगा शार्क, पाँडिचेरी शार्क आणि करवत मासा हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये असल्यामुळे त्यांच्या शिकारीस किमान ३ व कमाल ७ वर्षांचा कारावास आणि किमान २५,००० रुपये दंड होऊ शकतो. म्हणून जे ओळखता येत नाही ते ठेवू नये, हा नियम सर्वांत सुरक्षित.

ओळख पटवणे नेहमीच सोपे नसते. व्हेल शार्कच्या पाठीवर पांढरे ठिपके असतात आणि तोंड अगदी पुढे, रुंद असते. करवत माशाचे लांब, दातेरी नाक तर लपतच नाही. (ते नाक शोभेची वस्तू म्हणून विकत घेणे हाही गुन्हाच.) पाँडिचेरी शार्क मात्र इतर करड्या मुशींसारखाच दिसतो, त्यामुळे तेथे अनुभवी नाखवाही चुकू शकतो.

सोडायचे ठरल्यावर मासा नावेत ओढू नये. शेपटीला धरून लटकवल्यास त्याच्या अंतर्गत अवयवांना इजा होते. शिवाय पाण्याबाहेर त्याला श्वास घेता येत नाही. त्याला पाण्यातच ठेवून, कल्ल्यांना हात न लावता, लांब दांड्याच्या पक्कडीने गळ काढावा. तो खोल रुतला असेल तर दोर गळाच्या शक्य तितक्या जवळ कापावा. निघतानाच गळाच्या टोकाजवळची उलटी नांगी दाबून सपाट करून ठेवल्यास हे काम निम्मे होते. छायाचित्राचा मोह पाण्यातल्या एका छायाचित्रापुरताच असावा.

शार्कचे पर (पंख) कापून धड समुद्रात फेकण्यास २०१३ पासून मनाई असून, शार्कच्या परांची निर्यात २०१५ पासून बंद आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. तेव्हा कोणी यांत्रिक नाव देऊ केली तरी घेऊ नये.

जाळ्यात संरक्षित मासा सापडल्यास जाळे कापावे लागते आणि नुकसान नाववाल्याचे होते. त्यासाठी राज्यात डिसेंबर २०१८ पासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे, मात्र सुटकेचा छायाचित्र वा चित्रफितीचा पुरावा लागतो. नाववाल्याचे हात जाळ्यात गुंतलेले असताना तेवढे चित्रीकरण पाहुण्याने करून द्यावे.