विभाग बदलताय? जुन्या पोलिसांनो, या चुका टाळा

१४ वर्षं नोकरी झाल्यावर मी विभाग बदलला, आणि नंतर बरीच वर्षं तिथे येणाऱ्या अनुभवी लोकांना गाडीत शेजारी बसवून फिरवलं. खरं सांगतो, नवख्या पोरांपेक्षा हेच लोक जास्त डोकं खातात. नवख्याला निदान माहीत असतं की आपल्याला काही येत नाही. यांना सगळं येत असतं, फक्त दुसरीकडचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वायरलेसवर जुन्या ठिकाणची भाषा बोलणं. ही मी स्वतः केलीय. तिसराच आठवडा, रात्रपाळी, एक जण गाडी टाकून पळाला आणि मी त्याच्या मागे, धापा टाकत बोललो "सेक्टर ३, मदत पाठवा". जुन्या विभागात तसल्या गल्ल्या म्हणजे सेक्टर ३, तेच तोंडात बसलेलं. इथे सेक्टर ३ नदीपलीकडे! मी अंधारात त्याचा एक हात धरून दुसऱ्यात बेडी अडकवायची झटापट करतोय आणि सायरनचा आवाज जवळ यायच्या ऐवजी लांब लांब जातोय. तो आवाज अजून कानात आहे.

कोडचंही तसंच. अमेरिकेत टेन-कोड, म्हणजे वायरलेसवर वाक्याऐवजी बोलायचे आकडे, १९३० च्या दशकापासून आहेत, १०-४ म्हणजे "समजलं" हे जवळपास सगळीकडे चालतं, पण १०-५० एका विभागात रस्त्यावरचा अपघात तर दुसऱ्यात भलतंच काहीतरी. अनेक विभाग एकत्र येतात अशा मोठ्या घटनांत साधी भाषाच वापरा असं तिथे २००६ पासून ठरवलंय ते उगाच नाही. कोड आठवला नाही तर सरळ बोला, लाज कसली.

माझी सवय अशी की पहिला महिनाभर गाडी वळली की रस्त्याचं नाव मोठ्याने म्हणायचं, शेजारचा वैतागला तर वैतागू दे, आणि सुट्टीच्या दिवशी हद्द पायी फिरायची. "जीपीएस आहे ना सर" म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, गाडीतल्या जीपीएसला गाडी कुठे उभी आहे ते कळतं, तुम्ही उतरून चार गल्ल्या पळालात ते नाही.

"आमच्याकडे असं नव्हतं" हे वाक्य सहा महिने बंद. मनात म्हणा.

नियमावली न वाचता सही करणारे तर ढीगभर. कायदा तोच असेल पण विभागाचा नियम त्याहून कडक असू शकतो. एका बहाद्दराने साध्या चोरीसाठी गाडीचा पाठलाग सुरू केला, जुन्या ठिकाणी चालायचं म्हणे. इथे पाठलाग फक्त हिंसक गुन्ह्यात. तीनदा थांब म्हणालो, मग मीच वायरलेसवरून पाठलाग रद्द केला. दोन दिवस बोलला नाही माझ्याशी.

जुना रिपोर्ट कॉपी-पेस्ट करू नका, खाली जुन्या विभागाचं नाव राहतं आणि ते बचावाच्या वकिलाला बरोबर दिसतं.

सीनियॉरिटी मागे राहिली, सुट्ट्या मागताना ते लक्षात असू द्या.

जुन्या साहेबाच्या कुचाळक्या इथे नकोत.

आणि होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं कमरेचं म्यान. नवीन होल्स्टरला एक लॉक जास्त असेल तर घाईत हात जुन्याच वाटेने जातो आणि पिस्तूल अडकतं. रिकामं करून, दोनदा तपासून, रोज ड्युटीआधी सावकाश काढायचा सराव करा. "दोन दिवसांत जमलं" म्हणणाऱ्याला मी धावायला लावतो आणि मग काढायला सांगतो. अजून तरी एकाचंही पहिल्या झटक्यात निघालेलं नाही.