रवणीला ठेवण्याआधी एक अंडं फोडून बघा

घणसोली गावठाणात घरामागे चार गावठी कोंबड्या पाळल्या, तेव्हा अंडं म्हटलं की त्यात पिल्लू, एवढंच माझं ज्ञान. पहिली कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी घालायचं थांबवून बसून राहू लागली, तशी नऊ अंडी तिच्याखाली रवणीला, म्हणजे उबवायला, ठेवून मोकळी झाले. २१ दिवस गेले, २५ गेले. मग एक अंडं खुराड्यातच फुटलं आणि त्या वासाने शेजारच्या काकू धावत आल्या. "कोंबडा तरी हाय का गो?"

कोंबडा नव्हता. आरवण्याच्या तक्रारींना कंटाळून दीड महिन्यापूर्वीच देऊन टाकला होता. कोंबडा गेल्यावरही दोन आठवडे, कधी तीन, फलित अंडी मिळतात, कारण त्याचं वीर्य कोंबडीच्या पोटात तेवढं टिकतं. माझी ती मुदतही उलटली होती.

ताज्या अंड्याकडे बाहेरून बघून काही कळत नाही. पाण्यात तरंगतं का, हे बघून ते किती जुनं एवढंच समजतं. म्हणून कोंबडा असला तरी रोजच्या ऑम्लेटची दोन-तीन अंडी आधी बशीत फोडा आणि उजेडात धरा. बलकावर पांढरा ठिपका असतोच. तो बारीक, भरीव आणि वेड्यावाकड्या कडेचा असेल तर अंडं रिकामं. ठिपका जरा मोठा, चारेक मिलिमीटरचा, आणि भोवती गोल कडं दिसलं तर फलित. (बलकावरच्या रक्ताच्या थेंबाचा याच्याशी संबंध नाही, माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.) फलित अंडं खायला चालतं, चवीतही फरक नाही.

रवणीला ठेवलेली अंडी सातव्या रात्री तपासायची. दिवे घालवायचे आणि मोबाइलचा टॉर्च अंड्याच्या बोथट टोकाला लावायचा. आत काळसर ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू वाढतंय. नुसतं लाल कडं दिसलं तर जीव धरून मेलाय. सगळं स्वच्छ पिवळं असेल तर ते काढून टाका, नाहीतर माझ्यासारखा वास. गडद तपकिरी कवचातून नीट दिसत नाही, तिथे दहाव्या दिवसापर्यंत थांबा.

आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये अंडी दिवसातून दोनदा गोळा करा. त्या उकाड्यात कोंबडी न बसताही गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो.

आता नवा कोंबडा आणलाय. पहाटे चारला सुरू होतो. समोरच्या इमारतीत आठवड्याला सहा अंडी पोचवते, तूर्त तक्रार नाही.