परफ्युजनला येताय? एक्मोबद्दल नागपुरातून थोडं

बारावीनंतर परफ्युजनच्या बी.एस्सी.ला प्रवेश घेतला तेव्हा मी नक्की काय शिकणार हे घरात कुणालाच कळत नव्हतं. आई शेजारच्यांना सांगायची, "हार्टच्या ऑपरेशनमध्ये मशीन चालवते." ते बरोबरच होतं. ऑपरेशनसाठी हृदय थांबवतात तेव्हा रक्त फिरवायचं आणि त्यात ऑक्सिजन मिसळायचं काम हार्ट-लंग मशीन करतं, आणि ते आम्ही सांभाळतो. तीन वर्षं शिक्षण, वर्षभर इंटर्नशिप, मग इथल्याच एका कार्डिॲक ओटीत नोकरी. आता दरवर्षी रिझल्ट लागले की मुलंमुली विचारतात, ताई, एक्मोमध्ये काम करायचं असेल तर काय करावं? हे त्यांच्यासाठी लिहितेय.

एक्मो म्हणजे रक्त शरीराबाहेर काढून, त्यात ऑक्सिजन मिसळून परत देणारं मशीन. ओटीतलं मशीन आणि आयसीयूतलं एक्मो ही सख्खी भावंडं, पण स्वभाव वेगळे. ओटीत दोन-चार तासांचा मामला असतो, पेशंट भुलीखाली, सर्जन समोर. एक्मो दिवसचे दिवस, कधी आठवडे चालतं. पेशंट जागा असू शकतो, खोकतो, कूस बदलायला बघतो. फुप्फुसं निकामी झाली असतील तर शिरेतून रक्त घेऊन शिरेतच परत देतात, ते व्हीव्ही. हृदयच दमलं असेल तर शिरेतून घेऊन धमनीत देतात, ते व्हीए. दोन्हीत मशीन आजार बरा करत नाही. आजार उतरेपर्यंत शरीर तगवून धरतं. हे वाक्य पाठ करू नका, पेशंटच्या शेजारी उभं राहून समजून घ्या. पुढचं सगळं संशोधन याच एका प्रश्नाभोवती फिरतं, की कुणाला तगवून धरल्याचा उपयोग होतो.

माझी एक्मोवरची पहिलीच रात्रपाळी. तिशीतला शेतकरी, स्क्रब टायफसनंतर एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसं पांढरीफटक. पहाटे तीनच्या सुमारास फ्लो, म्हणजे मिनिटाला फिरणारं रक्त, साडेचार लिटरवरून साडेतीनवर आला आणि जांघेतून निघालेली गडद रक्ताची नळी थरथरायला लागली. आम्ही याला 'चॅटर' म्हणतो. फ्लो कमी झाला म्हणून मी आरपीएम, म्हणजे पंपाचा वेग, वाढवला. थरथर दुपटीनं वाढली, सॅच्युरेशन उतरायला लागलं. ड्युटीवरच्या सिस्टरनी काही न बोलता चादर उचलली. पेशंटनं गुडघा पोटाशी घेतला होता आणि कॅन्युला, म्हणजे शिरेत घातलेली नळी, जांघेत दुमडली होती. त्यांनी पाय सरळ केला, फ्लो परत आला. मला कुणी रागावलं नाही, पण ती चादर अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पंप रक्त ढकलतो तसं ओढतोही. नळी दुमडलेली असेल किंवा शिरेत पुरेसं रक्तच नसेल, तर वेग वाढवला की शिरेची भिंत नळीच्या तोंडाला चिकटते. वर तांबड्या पेशी फुटतात आणि लघवी कोऱ्या चहासारखी दिसू लागते. म्हणून चॅटर आला की आधी आरपीएम थोडा खाली घ्यायचा आणि मग कारण शोधायचं: पाय, नळी, खोकला, रक्तस्राव, पाण्याची कमतरता. मॉनिटर बघायच्या आधी चादर उचला. दर पाळीला टॉर्च घेऊन ऑक्सिजनेटरचे, म्हणजे रक्तात ऑक्सिजन मिसळणाऱ्या भागाचे, कोपरे तपासा. काळा ठिपका म्हणजे गुठळी, पांढरट धागा म्हणजे फायब्रिन. ऑक्सिजनेटरमध्ये जाणाऱ्या आणि त्यातून येणाऱ्या नळीच्या रंगात ठळक फरक हवा. तो पुसट होऊ लागला तर ऑक्सिजनेटर थकतोय, किंवा गॅसची नळी निसटलीय.

आता संशोधन. हे वाचायला मी उशिरा लागले, याची मला खंत आहे. वाटायचं की मशीन कुणाला लावायचं ते डॉक्टर ठरवतील, आपलं काम चालवण्याचं. आमच्या आयसीयूच्या एका सिनियर डॉक्टर सरांनी परफ्युजनिस्ट आणि सिस्टर्सनाही जर्नल क्लबला, म्हणजे शोधनिबंध वाचून चर्चा करायला, बसवायला सुरुवात केली, तेव्हा डोळे उघडले.

सुरुवात १९७९ पासून करा. अमेरिकेत श्वास पूर्ण खालावलेल्या ९० प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला. एक्मो लावा की लावू नका, दोन्ही गटांत दहातला जेमतेम एक जगला. प्रौढांमधलं एक्मो त्यानंतर बराच काळ मागे पडलं. नवजात बाळांमध्ये मात्र ते टिकून राहिलं, कारण रॉबर्ट बार्टलेट यांनी १९७५ मध्ये एका बाळाला त्यावर वाचवलं होतं. २००९ मध्ये ब्रिटनचा 'सीझर' अभ्यास आला. त्यात १८० रुग्ण होते. सहा महिन्यांनी गंभीर अपंगत्वाशिवाय जगलेले एक्मोसाठी मोठ्या केंद्रात पाठवलेल्या गटात ६३ टक्के, नेहमीच्या उपचारांच्या गटात ४७. आकडे बघून मी खूश झाले होते. मग सरांनी विचारलं, एक्मोच्या गटातल्या ९० जणांपैकी प्रत्यक्ष एक्मो किती जणांना लागलं? ६८ जणांना. काही जण हलवण्याआधी किंवा वाटेतच गेले, आणि काही जण त्या मोठ्या केंद्रात नीट व्हेंटिलेटर मिळाल्यावर एक्मोशिवायच सुधारले. म्हणजे फायदा मशीनचा किती आणि अनुभवी केंद्राचा किती, हे वेगळं काढता येत नाही.

२०१८ चा 'इओलिया' अभ्यास तर दोनदा वाचा. २४९ रुग्ण, ६० दिवसांत मृत्यू एक्मोच्या गटात ३५ टक्के, नेहमीच्या उपचारांत ४६. अकरा टक्क्यांचा फरक, तरी पी व्हॅल्यू ०.०९. हा आकडा ०.०५ च्या खाली नसेल तर फरक योगायोगाचाही असू शकतो, म्हणजे नियमानं 'सिद्ध झालं' म्हणता येत नाही. पण नेहमीच्या उपचारांच्या गटातले २८ टक्के रुग्ण जीव जायची वेळ आली म्हणून शेवटी एक्मोवर घेतले गेले होते. पुढे २०२० मध्ये सीझर आणि इओलियातले ४२९ रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा ९० दिवसांतले मृत्यू ३६ विरुद्ध ४८ टक्के निघाले. माझं मत विचाराल तर, फुप्फुसांच्या अगदी गंभीर आजारात, अनुभवी टीमच्या हातात, व्हीव्ही एक्मो जीव वाचवतं. मात्र इओलियाच्या दुसऱ्या गटातल्याही ९० टक्के रुग्णांना पालथं झोपवलं होतं. पालथं न घालताच एक्मोचा फोन आला, तर परफ्युजनिस्टनंही नम्रपणे विचारावं, "सर, प्रोन केलं का?" प्रोनिंगनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २०१३ मध्येच दिसलंय, आणि त्याला लागतात फक्त चार-पाच माणसांचे हात.

हृदयाच्या बाजूला चित्र उलटं आहे, आणि हे पचवणं मला जड गेलं. हार्ट ॲटॅकनंतर शॉकमध्ये गेलेल्यांना, म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू न शकल्यानं बीपी कोसळलेल्यांना, व्हीए लावलं की बीपी डोळ्यांदेखत वर येतं, सगळ्यांना हायसं वाटतं. २०२३ मध्ये जर्मनीतून 'ईसीएलएस-शॉक' आला. चारशेवर रुग्ण, ३० दिवसांत मृत्यू एक्मोच्या गटात ४७.८, दुसऱ्यात ४९ टक्के. फरक नाहीच. उलट मोठा रक्तस्राव एक्मोवरच्या २३ टक्क्यांना, दुसऱ्या गटात दहाच्याही आत. पायाच्या रक्तपुरवठ्याच्या तक्रारीही जास्त. तेव्हापासून आमच्या युनिटमध्ये असा पेशंट आला की सरसकट व्हीए लावत नाहीत, आधी बसून बोलतात. लावलंच, तर पायाकडे रक्त नेणारी वेगळी छोटी नळी पहिल्या तासातच मागा, आणि एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी, उजव्या हातातूनच घ्या. मेंदूला कसलं रक्त जातंय ते तिथे कळतं.

हृदय बंद पडून सीपीआर (छाती दाबणं) चालू असताना एक्मो लावण्याबद्दल फार बोललं जातं. २०२० मध्ये अमेरिकेतल्या मिनियापोलिसला ३० रुग्णांत एक्मोच्या गटातले ४३ टक्के जगले, दुसऱ्यातले ७. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या दहा केंद्रांत मेंदू शाबूत राहून जगलेले २० विरुद्ध १६ टक्के, म्हणजे ठोस फरक नाही. पहिल्या ठिकाणी एकच, रोज तेच काम करणारी टीम होती. आपल्याकडे चंद्रपूर, गोंदिया, गडचिरोली, तिकडे बालाघाट, बैतूल, इतक्या लांबून पेशंट नागपूरला येतो. रस्त्यावर कोसळलेल्याला तासाभरात कॅन्युला घालणं इथे अजून स्वप्न आहे. आपल्या भागात खरा उपयोग लवकर रेफर करण्याचा आहे. फुप्फुस आठ-दहा दिवस जोराच्या व्हेंटिलेटरवर राहून खराब झाल्यावर पाठवलं, की आमच्या हातात फारसं काही उरत नाही.

विदर्भापुरती एक गोष्ट सांगायलाच हवी. धान्यात ठेवायच्या गोळ्या पोटात गेलेले तरुण आपल्याकडे येतात. त्या फॉस्फिन वायूवर उतारा नाही. हृदय सुन्न पडतं, पण जगला तर काही दिवसांत ते सावरतं. अशांना व्हीएवर ठेवून वाचवल्याचे अनुभव लुधियानाच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलेत. ते निरीक्षणांवरचं काम आहे, चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नाही. तरीही मला त्यात आशा दिसते.

नोकरी शोधताना पगाराआधी विचारा, वर्षाला एक्मो किती होतात. कोविडमध्ये एक्मोवरच्या पहिल्या १०३५ रुग्णांत मृत्यू ३७ टक्क्यांच्या आसपास होते. कोविडसाठी एक्मो उशिरा सुरू केलेल्या केंद्रांत ते पुढे ५९ टक्क्यांच्या घरात गेले. अनुभवाचा भाग त्यात आहेच. वर्षाला निदान वीस पेशंट होणारं केंद्र मिळालं तर तिथे दोन वर्षं काढा, भले मग मुंबई-चेन्नईला जावं लागलं तरी.

नातेवाइकांशी बोलायची वेळही येते. त्या शेतकऱ्याच्या आईनं लिफ्टपाशी माझा हात धरून विचारलं होतं, "मॅडम, मशीन लावलं म्हंजे वाचन नं माहा पोरगा?" मी "हो" म्हटलं. तो वाचला, पण मला तसं म्हणण्याचा हक्क नव्हता. आता मी म्हणते, "काकू, फुप्फुसाला आराम मिळावा म्हणून लावलंय. रोज सकाळी डॉक्टर तुम्हाला सांगतील, मीही सोबत असेन." आणि सकाळी राउंडच्या वेळी मी तिथे असते.

पहिल्या दिवशी युनिटमध्ये गेलात की आधी हँड क्रँक, म्हणजे पंप बंद पडला तर तो हातानं फिरवायचा दांडा, कुठे ठेवलाय ते विचारा, आणि कुणाला तरी सोबत घेऊन मोकळ्या सर्किटवर पाच मिनिटं हातानं फिरवून बघा.