कट्टा हाती लागल्यानंतरचे काम

नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीतून बाहेर पडल्यावर ज्यांची नेमणूक बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद, संग्रामपूर या भागात होते, त्या नवख्या उपनिरीक्षकांसाठी हे लिहीत आहे. सातपुडा ओलांडला की मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा लागतो आणि देशी कट्टे, म्हणजे गावठी पिस्तुले, या वाटांनीही खाली उतरतात.

माझा पहिला सापळा कापूस वेचणीच्या दिवसांतला. खबर पक्की आहे असे कळताच मी गाडीकडे धावलो, तेव्हा सोबतचे जुने हवालदार म्हणाले, "साहेब, पयले पंच बलवा, पोट्टे कुठी पयतात?" मी ऐकले नाही. मोटारसायकल अडवताच मागे बसलेला मुलगा पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, शिरला. पाऊण तास धावून त्याला धरले, कट्टा त्याच्या कमरेलाच होता. पंचांच्या सह्या मात्र ठाण्यात घेतल्या. उलटतपासणीत दोन्ही पंचांनी शस्त्र प्रथम ठाण्यातच पाहिल्याचे सांगितले आणि आरोपी सुटला. त्या पाऊण तासाबद्दल न्यायालयात कोणी एक शब्दही विचारला नाही.

तेव्हापासून मी निघण्यापूर्वीच पंच म्हणून पटवाऱ्यांना किंवा अन्य सरकारी कर्मचाऱ्यांना सोबत घेतो आणि स्टेशन डायरीत नोंद करतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती आणि जप्तीचे चित्रीकरण बंधनकारक आहे, म्हणून मोबाइल चार्ज केलेला आहे ना, हे पिस्तुलाइतक्याच काळजीने पाहावे. जप्त शस्त्राची नळी जमिनीकडे ठेवून आधी मॅगझिन काढावे, मग चेंबर (नळीमागची गोळी बसण्याची जागा) तपासावा. देशी बनावटीच्या शस्त्राच्या सेफ्टीवर भरवसा ठेवू नये. अशा पिस्तुलावर पुष्कळदा 'मेड इन यूएसए' कोरलेले असते. पंचनाम्यात 'अमेरिकन पिस्तूल' असे न लिहिता तशी अक्षरे कोरलेली आहेत, एवढेच लिहावे. मुद्देमाल जागेवरच लाखबंद करावा, कारण न्यायसहायक प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत मोहोर शाबूत होती का, हा प्रश्न हमखास येतो.

खरी मेहनत पुढे आहे. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५ मध्ये दोन ते पाच वर्षे शिक्षा आहे. विनापरवाना निर्मिती किंवा विक्री सिद्ध झाली तर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप. कमरेला कट्टा लावून सापडलेला पोरगा बहुधा नुसता वाहक असतो, त्यामुळे पोलीस कोठडीचे दिवस त्याच्यावर ओरडण्यात न घालवता त्याचे कॉल तपशील आणि मोबाइलवरून झालेले पैशांचे व्यवहार काढण्यात घालवावेत. विकणाऱ्यापर्यंत जाणारा पाठलाग तिथूनच सुरू होतो, आणि तो बहुतांशी टेबलावर बसून करावा लागतो.

आणखी एक गोष्ट, जी घाईत राहून जाते: शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या उल्लंघनाबद्दल, म्हणजे विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल, खटला चालवण्यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ३९ प्रमाणे जिल्हादंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. प्रयोगशाळेचा अहवाल हाती येताच तो जोडून प्रस्ताव पाठवावा आणि पोच स्वतःजवळ ठेवावी.