बॅकअप आहे, पण त्यातून फाइल परत मिळेल का? या चुका टाळा

घरून काम करणाऱ्या बहुतेकांकडे कसला ना कसला बॅकअप असतोच. अडचण अशी की मूळ फाइल ज्या कारणाने जाते, त्याच कारणाने बऱ्याचदा बॅकअपही जातो.

सी ड्राइव्हवरच्या फाइली डी ड्राइव्हवर कॉपी करून निश्चिंत राहणं ही यातली नेहमीची चूक. अनेक लॅपटॉपमध्ये एकच डिस्क असते आणि सी, डी हे तिचेच दोन भाग. डिस्क बिघडली की दोन्ही एकदम जातात.

सिंकला, म्हणजे कॉम्प्युटरवरचं फोल्डर आणि क्लाउड आपोआप सारखं ठेवण्याच्या सोयीला, बॅकअप समजणं त्याहून फसवं आहे. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधून फाइल डिलीट केली, की क्लाउडवरूनही ती ट्रॅशमध्ये जाते. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती ३० दिवस राहते, मग कायमची पुसली जाते. वर्षअखेरीस हिशेब जुळवतानाच उघडायची फाइल चुकून डिलीट झाली, तर ३० दिवसांत ते कुणाच्या लक्षात येणार? म्हणून सिंक जरूर ठेवा, पण त्याशिवाय जुन्या आवृत्त्या जपणारा बॅकअपही हवा. विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आणि मॅकमध्ये टाइम मशीन हे काम करतात, तेही मोफत.

एक्स्टर्नल हार्ड डिस्क कायम जोडून ठेवू नका. मे २०१७ मध्ये पसरलेल्या वॉनाक्राय रॅन्समवेअरने (फाइली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामने) जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही एन्क्रिप्ट केल्या, म्हणजे कुलूपबंद केल्या होत्या. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर आणि त्यातली एक घराबाहेर, हा ३-२-१ नियम छोट्या ऑफिसलाही सहज पाळता येतो. घराबाहेरची प्रत क्लाउडवर असली तरी चालते.

आता माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक: रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधून फाइल परत काढून न पाहणं. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं की रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे होतच नव्हता आणि तसं कळवणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सुमारे सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाताशी होती म्हणून त्या सहा तासांतला डेटा सोडून बाकीचं वाचलं. जाणकारांच्या कंपनीत हे घडू शकतं, तर आपण फक्त ‘बॅकअप झाला’ सांगणाऱ्या हिरव्या टिकवर विसंबून कसं चालेल? महिन्यातून एकदा दोन-चार फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करा आणि उघडून बघा. शक्य असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघा.

बॅकअप अडत असेल तर आधी डिस्कवर जागा आहे का ते पाहा. जागा असूनही मोठी फाइल कॉपी होत नसेल, तर ड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटमध्ये असेल. त्यात ४ जीबीची फाइल मावत नाही. डेटा दुसरीकडे हलवून ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. आउटलुकची पीएसटी फाइल (जिच्यात ईमेल साठवलेले असतात) बॅकअपमधून सुटत असेल, तर आउटलुक बंद करून पुन्हा बॅकअप घ्या. ड्राइव्हला बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं साधन, लावलं असेल, तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्याच लॅपटॉपवर ठेवू नका. कागदावर लिहून ठेवली तरी चालेल.

आणि बॅकअप नसताना हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, तर कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका, रिकव्हरी सॉफ्टवेअरही चालवू नका. डिस्क फिरत राहील तसं नुकसान वाढू शकतं. ती बंद करून थेट डेटा रिकव्हरी करणाऱ्या तंत्रज्ञाकडे द्या.