काडतुसांची टंचाई आणि चढे भाव : या चुका टाळा

टंचाईच्या दिवसांत बंदूकधारकाची पहिली चूक दुकानात होते आणि शेवटची नेमबाजीच्या रेंजवर. दुकानातल्या चुकीने पैसे जातात. रेंजवरच्या चुकीने नळी फाटते, बोटं जातात, डोळा जातो. भावाची चर्चा सगळेच करतात, म्हणून इथे जास्त जागा मी त्या दुसऱ्या प्रकाराला देणार आहे.

आधी माल अडतो कुठे ते पाहू. काडतूस म्हणजे पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत बंदुकीची दारू आणि तोंडाशी गोळी. चारांतलं एक मिळेनासं झालं की बाकीचं तिन्ही तसंच पडून राहतं. बहुतेक वेळा अडतात ते प्रायमर आणि दारू. प्रायमरमधलं मिश्रण नुसत्या ठोक्याने पेटतं, त्यामुळे ते बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत आणि नवा कारखाना झटपट उभा राहत नाही. दारूचा पाया म्हणजे नायट्रोसेल्युलोज. सरकीला चिकटून राहणाऱ्या कापसाच्या आखूड तंतूंपासूनही ते करतात. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर तोफगोळ्यांसाठी त्याची मागणी वाढली आणि त्याची झळ थेट नेमबाजाच्या डब्यापर्यंत पोहोचली. त्याआधी डिसेंबर २०१२ नंतर अमेरिकेत कायदे कडक होतील या धास्तीने लोकांनी खोक्यांमागून खोकी उचलली आणि .२२ इंची मापासारखं साधं काडतूसही मिळेना. २०२० मध्ये साथ, लाखो नवे बंदूकधारक आणि रेमिंग्टन या बंदुका-काडतुसं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीची दिवाळखोरी हे सगळं एकाच वर्षात आलं.

अशा वेळी कारखाने आधी खपाऊ मापं काढतात. तुमची रायफल कमी चालणाऱ्या कॅलिबरची, म्हणजे मापाची, असेल तर तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. बाजार सावरला अशा बातम्या येऊ लागल्या तरी तुमचं शेल्फ रिकामंच असू शकतं, हे धरून चला.

धास्तीने खरेदी

मागच्या वर्षी आपण किती काडतुसं झाडली, हे बहुतेकांना सांगता येत नाही. वहीत तारीख, माप, संख्या एवढं लिहिलं तरी पुरतं. तो आकडा हाताशी नसला की रिकामं शेल्फ पाहून माणूस दहा वर्षांचा साठा दुप्पट भावाने उचलतो, नाहीतर चिडून काहीच घेत नाही. जेवढी झाडली तेवढी पुन्हा घ्यायची, थोडी थोडी, भाव बरा असताना, एवढी शिस्त पुरते. परवान्यावर साठ्याची किंवा वर्षाच्या खरेदीची मर्यादा असेल तर ती टंचाईतही तेवढीच राहते. मित्राच्या परवान्यावर घेऊन आपल्या कपाटात ठेवणं हा गुन्हा ठरू शकतो, त्या वाटेला जाऊच नका.

सगळीकडे माल संपलेला असताना एखाद्या नव्या संकेतस्थळावर हवं ते माप निम्म्या भावात दिसलं, तर तिथे माल नसतो, फक्त आगाऊ पैसे घेण्याची सोय असते.

‘बसतंय ना, मग चालेल’

ही चूक मला सगळ्यात जास्त भीतिदायक वाटते. मनाजोगतं माप मिळत नाही, शेजारच्या खोक्यातलं तसंच दिसतं, नळीच्या मागच्या टोकाला काडतूस ठेवण्याच्या जागेत, म्हणजे चेंबरमध्ये, बसतंही. काडतूस बसलं म्हणजे ते त्या बंदुकीचं आहे, असं मुळीच नाही.

छर्ऱ्याच्या बंदुकीच्या नळीचं माप बोअरमध्ये सांगतात. बारा बोअरच्या नळीत वीस बोअरचं काडतूस टाकून पाहा, असं कोणालाही सांगू नका, पण तसं झालं तर काय होतं ते प्रत्येकाला माहीत हवं. बारा बोअरच्या नळीचा व्यास सुमारे १८.५ मिलिमीटर, वीस बोअरचा सुमारे १५.६. वीसचं काडतूस बाराच्या चेंबरमधून घरंगळत पुढे जातं आणि नळी जिथे अरुंद होते तिथे अडकतं. बंदूक उघडून पाहिली तर चेंबर रिकामं दिसतं. माणसाला वाटतं आपण काडतूस भरलंच नव्हतं. तो त्यामागे बाराचं काडतूस भरतो, ट्रिगर दाबतो, आणि समोर अडकलेल्या काडतुसावर मागचे छर्रे आदळून नळी फुटते, नेमकी पुढच्या हाताजवळ. म्हणूनच वीस बोअरच्या काडतुसांना पिवळा रंग देण्याची पद्धत पडली. जुन्या मालात मात्र तो रंग असेलच असं नाही. ज्याच्या घरी दोन्ही बोअरच्या बंदुका आहेत त्याने एका वेळी एकाच बोअरच्या काडतुसांचा पट्टा घराबाहेर न्यावा.

छर्ऱ्याच्या बंदुकीतच दुसरा सापळा लांबीचा. ७० मिलिमीटरच्या चेंबरमध्ये ७६ मिलिमीटरचं काडतूस आरामात बसतं, कारण ती लांबी झाडल्यानंतरची, तोंड उलगडल्यावरची मोजलेली असते. झाडताना उलगडायला जागाच उरत नाही आणि दाब वाढतो. नळीवर कोरलेली चेंबरची लांबी भिंगातून वाचा. जुन्या बंदुकीवर ती ६५ही निघू शकते.

रिव्हॉल्व्हरवाल्यांसाठी .३२ चा घोळ आहे. ‘बत्तीस’ म्हणून दोन वेगळी काडतुसं विकली जातात. .३२ एसीपी हे पिस्तुलाचं, .३२ एस अँड डब्ल्यू लाँग हे रिव्हॉल्व्हरचं. पिस्तुलाचं काडतूस अनेक रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये बसून जातं, पण त्याचा दाब जास्त असतो. रायफलमध्ये तसंच .२२३ रेमिंग्टन आणि ५.५६×४५ चं. बाहेरून जुळी भावंडं, पण .२२३ च्या चेंबरमध्ये ५.५६ झाडू नये. आणि .३०० ब्लॅकआउट तर .२२३ च्याच मॅगझीनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) बसतं, कधी कधी चेंबरमध्येही शिरतं, आणि मग ७.८ मिलिमीटरची गोळी ५.७ मिलिमीटरच्या नळीत ढकलली जाते. रायफलचे तुकडे होतात.

नळीवर जे कोरलं आहे तेच पुंगळीच्या बुडावर कोरलेलं हवं. अक्षर न् अक्षर.

अनोळखी, जुनं, सुटं

टंचाईत लोक एकमेकांना सुटी काडतुसं देऊ लागतात. प्लास्टिकच्या पिशवीत पंचवीस-तीस नग, खोकं नाही, लॉट नंबर (कारखान्यातल्या खेपेचा क्रमांक) नाही. त्यात एखादा घरी भरलेला माल असतो आणि भरणाऱ्याने दारू किती घातली ते त्यालाच ठाऊक. मी अशी पिशवी एकदा टेबलावर पसरून बसलो होतो. वरवर सगळी सारखी. ओळीने उभी केली तेव्हा तीन काडतुसांची गोळी इतरांपेक्षा पुंगळीत खोल गेलेली दिसली, फार तर दीड मिलिमीटर. पिस्तुलाच्या छोट्या काडतुसात गोळी एवढी आत दबली की आतली जागा घटते आणि दाब भलताच चढतो. तेव्हापासून पिशवीतली काडतुसं मी घेतच नाही, फुकट मिळाली तरी.

हेच तुमच्या स्वतःच्या मालाचंही होतं. रोज सकाळी पिस्तूल रिकामं करायचं आणि रात्री तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये चढवायचं, असं महिनोन् महिने केलं की दर वेळी गोळीचं नाक चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर (फीड रॅम्पवर) आपटत राहतं. काडतुसं महाग झाली की हे काडतूस टाकून द्यायला जीव होत नाही. नव्या काडतुसाच्या शेजारी उभं करून पाहा. आखूड दिसलं तर ते बाद.

जुना लष्करी माल स्वस्त दिसतो. त्यातल्या बऱ्याच प्रायमरमुळे नळीत क्षार उरतात, ते हवेतलं पाणी ओढतात आणि एका रात्रीत गंज धरतो. नुसत्या तेलाने तो क्षार जात नाही, पाण्याने जातो. आधी पाण्याने नळी धुवा, पुसून कोरडी करा आणि मग तेल.

कायद्याने परवानगी असेल आणि घरी काडतुसं भरत असाल, तर ठरलेला प्रायमर मिळाला नाही म्हणून दुसरा, दारू मिळाली नाही म्हणून ‘तिच्यासारखी’ असा बदल करू नका. छापील पुस्तिकेत जी जोडी नाही ती भरायची नाही.

साठवण

खोकं फेकू नका, लॉट नंबर त्यावरच असतो. जागा थंड, कोरडी, कुलूपबंद. माळा आणि गाडीची डिकी नको. सिलिका जेलची पुडी ठेवा. काडतुसांना तेल चोळू नका, ते प्रायमरच्या कडेने आत झिरपतं आणि ऐनवेळी काडतूस मुकं राहतं. पितळ नुसतं काळवंडलं तर हरकत नाही. हिरवट बुरशीसारखा थर खाली खड्डे पाडत असेल किंवा पुंगळीच्या मानेला केसाएवढी चीर असेल तर ते बाजूला काढा.

गोळ्या नाहीत म्हणून सराव बंद

नेम बिघडतो तो ट्रिगर ओढताना आणि श्वास धरताना. या दोन्हींचा सराव रिकाम्या बंदुकीवर होतो. दहा मीटरच्या एअर रायफलवर ४.५ मिलिमीटरच्या पेलेटने होणारा सराव तर नेमबाजीचा पायाच आहे.

रिकाम्या सरावात लोक दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक .२२ रिमफायरवर. तिथे ठोका देणारी फायरिंग पिन पुंगळीच्या कडेवर आदळते. काडतूस नसेल तर काही बंदुकांमध्ये ती थेट चेंबरच्या कडेवर घाव घालते आणि तिथे खाच पडते. पुस्तिकेत परवानगी नसेल तर स्नॅप कॅप (सरावाचं खोटं काडतूस) वापरा.

दुसरी चूक सराव संपल्यावर होते. वीस मिनिटं झाली, बंदूक पुन्हा भरली, आणि मनात आलं, ‘एकदा शेवटचं’. घरात अपघाती गोळी सुटू शकते ती याच एका क्षणी. म्हणून सरावाच्या खोलीत काडतूस आणायचंच नाही. चेंबर डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासायचं. समोर गोळी अडवेल अशी भिंत किंवा मातीचा ढीग हवा. संपल्यावर मोठ्याने म्हणायचं, ‘सराव संपला’, आणि बंदूक त्या दिवसापुरती ठेवून द्यायची. घरात कोणी हसलं तरी म्हणायचं.

रेंजवर मोजकीच काडतुसं न्या. पन्नास नेली तर पाच-पाचचे दहा गट करा, दर गटाआधी कशावर काम करणार ते ठरवा. रायफलवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. नेहमीचा ब्रँड मिळाला नाही आणि वेगळ्या वजनाची गोळी घेतली, तर आधीचा झिरो, म्हणजे नेम आणि गोळीची जुळणी, राहत नाही. दोन इंच खाली लागली म्हणून स्वतःवर चिडून पुढची वीस काडतुसं उडवण्यापेक्षा पहिल्या पाचांतच झिरो पुन्हा बांधा.

आवाज बदलला तर

टंचाईतला मिश्र माल झाडताना कान उघडे ठेवा. नेहमीच्या ‘ठाप’ऐवजी ‘फुस्स’ झालं, धक्का लागला नाही, तर गोळी नळीतच अडकलेली असू शकते. पुढचं काडतूस चढवून ट्रिगर दाबला की नळी फुगते किंवा फुटते. हात आपोआप पुढचं काडतूस चढवायला जातो, कारण तीच सवय आपण वर्षानुवर्षं लावलेली असते. तिथेच थांबा. ट्रिगर दाबून काहीच झालं नाही तर बंदूक लक्ष्याकडेच धरून किमान तीस सेकंद मोजा, काडतूस उशिरा पेटू शकतं. मग रिकामी करा आणि नळीतून उजेड आरपार दिसतो का ते चेंबरच्या बाजूने पाहा. उजेड दिसला नाही तर त्या दिवसाची नेमबाजी संपली. बंदूक गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) द्या आणि त्या लॉटची उरलेली काडतुसं वेगळ्या डब्यात ठेवून वर तारीख लिहा.